तांड्यावरचा डब्बा फोन

माझ्या दुकानातून मी जेवढ्या वस्तू विकल्या, त्याहून जास्त विकायच्या नाकारल्या असतील. हा विषय निघाला की आमच्या सौ. अजूनही कपाळावर हात मारून घेतात. "गिऱ्हाईक पायरी चढलं की यांची उलटतपासणी सुरू. लोकं घड्याळ घ्यायला येत होती का साक्ष द्यायला?" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. खोटं नाही ते. दुकानावर माडी चढली नाही, याचं खापरही त्या माझ्या याच सवयीवर फोडतात. तेही बहुधा खरंच असावं.

गोरेगावच्या बाजारात माझं एका शटरचं दुकान होतं. सुरुवात रेडिओ आणि घड्याळं दुरुस्तीची. नव्वदच्या सुमारास काटे जाऊन आकडे दाखवणारी घड्याळं आली, मग कॅल्क्युलेटर, मग वजनकाटे आणि पुढं फोन. तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यात होतो, हिंगोलीचा वेगळा जिल्हा व्हायचा होता. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला अशी वस्तू हवी असली की तो सेनगावला किंवा हिंगोलीला जाणाऱ्या जीपमध्ये बसायच्या आधी माझ्या दुकानात डोकावायचा. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "चांगली वस्तू दाखवा." आणि माझंही ठरलेलं, "आधी काम सांगा."

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय मोठं? डबा उघडायचा, वस्तू दाखवायची, पैसे घ्यायचे. पण शहरात चालणारी वस्तू आमच्याकडे चालेलच असं नाही. घरी लाईट किती वेळ राहते, आकडे कोणाला वाचता येतात, सेल संपले तर कुठून आणणार, हे सगळं विचारावं लागे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मी माणसाची बोटं बघायचो. नांगर आणि विळा धरून धरून बोटं जाड झालेली असतात. त्या बोटांना नखाएवढी बटणं दाबता येत नाहीत. एक दाबायला जावं तर शेजारची दोन दबतात. कितीतरी महागडे कॅल्क्युलेटर मी केवळ समोरच्याची बोटं बघून परत कपाटात ठेवले आणि जाड बटणांचा साधा नग काढून दिला. काही लोक त्याचा राग धरत. "मला परवडत न्हाई असं वाटलं का?" म्हणून भांडत. बोटांबद्दल बोललो असतो तर आणखीच भांडले असते.

कुंडलिकराव म्हणून एक शेतकरी होते. त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीला लाईट रात्रीची मिळायची, ती चुकू नये म्हणून गजराचं आकडेवालं घड्याळ घेतलं. गजर कसा लावायचा ते मी नीट शिकवलं. काही दिवसांनी आले ते डोळे तांबारलेले घेऊन.

"माधवभाऊ, घड्याळ लई इमानदार हाय. पण दर घंट्याला उठवून राहिलं. मी दर घंट्याला मळ्यात जातो, मोटार दाबून पाहतो, तं लाईट न्हाईच."

बटणांशी खेळता खेळता त्यांनी तासातासाला आवाज करायची सोय चालू करून ठेवली होती. मी ती बंद केली आणि विचारलं, "अहो, दुसऱ्याच दिवशी का नाही आलात?"

"मंग काय करता? म्हटलं, घड्याळाला काही तरी म्हाइती असंल. आपल्याला काय कळते?"

औंढ्याला देवळाच्या रस्त्यावर एक पेढेवाले होते. त्यांनी माझ्याकडून नवा आकडेवाला काटा नेला आणि चारच दिवसांत जीपवाल्याकडे निरोप पाठवला, "तुमच्या काट्याच्या अंगात येऊन राहिलं, लवकर या." गेलो. खरंच, पेढे ठेवले की तांबडे आकडे वर-खाली नाचत. दर्शनाला आलेले लोक आकड्याकडे बघून मालकाशी हुज्जत घालत. जुन्या तागडीचा दांडा हलला तरी कोणी काही म्हणत नव्हतं, पण आकडा हलला की माणसाला आपण लुटले गेलो असं वाटतं. मी वर बघितलं तर काट्याच्या बरोबर माथ्यावर पंखा. पंखा बंद केला, आकडा जागेवर बसला. मग मालक घामाघूम झाले. शेवटी काट्याला तिन्ही बाजूंनी काच लावली आणि देवाला वाहिलेलं एक फूलही त्यावर आलं. दुरुस्तीचं श्रेय फुलाला गेलं, मला पावशेर पेढे मिळाले.

असे दिवस होते. माणसं वस्तूवर रागवायची, तिची समजूत काढायची, दसऱ्याला तिला हळदकुंकू लावायची. आता पोरं फोन बदलतात तसा त्या काळी कोणी चप्पलजोडही बदलत नव्हतं. मला त्या दिवसांची फार आठवण येते. आणि त्यातही एक फोन असा आहे की त्याची आठवण आली की हातातलं काम थांबतं.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. खिशातले फोन हिंगोलीत दिसू लागले होते, पण आमच्या बाजूला रेंजचा खेळ होता. गावात एखाद्या ओट्यावर यायची, खाली उतरलं की गायब. दसरा जवळ आला होता. साखऱ्याकडच्या एका बंजारा तांड्यावरच्या सोनाबाई दुकानात आल्या. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आवाज खणखणीत. सोबत मुलगा विलास आणि त्याची बायको लीला. माझी सवय सोनाबाईंना ठाऊक होती, कारण त्यांचा रेडिओ माझ्याच हातचा.

"तुमी विचारायच्या आधी मीच काम सांगते," त्या स्टुलावर बसत म्हणाल्या. "हे दोघं उसाला चालले. पूजाला या साली मी ठेवून घेते. चवथीत हाय पोरगी. पण ही म्हणते, रोज सांजच्याला लेकराचा आवाज ऐकला तर ठेवते, न्हाई तं संगं नेते. आता बोला, कोणता फोन?"

यातली गोम आमच्याकडच्या माणसाला लगेच कळते. कोरडवाहू शेतीवर वर्ष निघत नाही म्हणून तांड्यावरच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात ते उन्हाळा लागल्यावर परततात. लेकरंही सोबत जातात. शाळेत नाव असतं, लेकरू फडात असतं. विलास तिसरीपर्यंत शिकला असं म्हणायचे, म्हणजे खरं तर तीन अर्धी वर्षं शिकला होता.

"माझा विलास लई हुशार होता, भाऊ," सोनाबाई मुलासमोरच म्हणाल्या. "मास्तर घरी येऊन सांगून गेला होता, याला नेऊ नका म्हणून. पण ठेवावं कोणापाशी? आमी सगळेच जायचो. आता माझे गुडघे गेले, मला टोळीत कोणी घेत न्हाई. ते एक बरंच झालं. पूजाला ठेवायला म्हातारी तरी घरी हाय."

विलास खाली बघत होता. मी लीलाला विचारलं, तर डोळ्याला पदर लावून म्हणाली, "एक रात बी ती माझ्याबिगर झोपली न्हाई, भाऊ. तुमी म्हणाल तो फोन घेतो. पण आवाज आला पायजे. आवाज आला न्हाई तं मी येऊन घेऊन जाईन, मग सासूला कितीबी म्हणू द्या."

विलासच्या मनात काउंटरवरचा रंगीत मोबाईल भरला होता. मी म्हटलं, थांबा. तांड्यावर रेंज कुठं लागते ते बघितल्याशिवाय मी तुम्हाला काहीच विकणार नाही. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलला दोन-तीन तऱ्हेचे फोन बांधून तांड्यावर गेलो. हातात मोबाईल धरून मी घराघरांमधून फिरतोय आणि मागं सगळा तांडा. पाणाड्या नारळ घेऊन विहिरीची जागा शोधतो, तसंच ते दिसत असणार, कारण एक म्हातारा म्हणाला, "लागलं तं गोडं लागू द्या, भाऊ." मोबाईलला रेंज लागली ती फक्त सेवालाल महाराजांच्या ओट्यावर. आणि सोनाबाईंचं घर तांड्याच्या दुसऱ्या टोकाला. गुडघे धरून ही म्हातारी रोज अंधार पडताना तिथं जाऊन बसणार, आणि फोन नेमका कधी येईल ते कोणाला ठाऊक?

त्या काळात घरात ठेवायचा एक बिनतारी फोन निघाला होता. दिसायला तारेच्या फोनसारखा, पण लांब वायर लावून त्याची एरियलची दांडी घरावर उंच चढवता येई. आमच्याकडे त्याला डब्बा म्हणत. सोनाबाईंच्या घरावर बांबू बांधला, त्याच्या टोकाला दांडी बांधली आणि बांबू फिरवत गेलो. एका दिशेला आल्यावर फोनमधून स्वच्छ आवाज आला. लाईट गेली तरी आतल्या बॅटरीवर तो काही तास चाले. बटणं अंगठ्याएवढी. मी म्हटलं, हाच घ्या.

"खिशात बसत न्हाई तो कसला फोन?" विलास हिरमुसला.

"खिशात ठेवायला घेऊन राहिलो का?" सोनाबाईंनी त्याला गप्प केलं.

डब्बा लोखंडी पेटीवर बसला. त्यावर आरशांचं भरतकाम केलेला कपडा आला. लीलानं नंबर घोकून पाठ केला. कारखान्याच्या रस्त्यावर चहाच्या टपरीत रुपया टाकून बोलायचा फोन असतो, तिथून ती रोज लावणार होती. टोळीचा ट्रक गेला त्या दिवशी पूजा शाळेत गेली होती. मुद्दामच तसं ठरवलं होतं.

पंधरा-वीस दिवस झाले असतील. बाजाराच्या दिवशी सोनाबाई दुकानात शिरल्या त्या तोंड सोडूनच.

"तुमचं डबडं वापस घ्या. लेकराचा आवाज धरत न्हाई ते."

दुकानात गर्दी होती. मी त्यांना पाणी दिलं, बसवलं. मग कळलं ते असं. फोन रोज येत होता. सोनाबाईंचं बोलणं लीलाला नीट ऐकू जात होतं. पण पूजानं फोन धरला की पलीकडे काही म्हणजे काही पोचत नव्हतं. लीला हॅलो हॅलो करायची, रुपया संपायचा, फोन तुटायचा. असं रोज. आता लीलाला वेगळाच संशय आला होता. पोरगी आजारी आहे, नाहीतर रुसून गप्प झाली आहे आणि सासू लपवते आहे.

"काल म्हणली, आता दोन दिवस पाहते, न्हाई तं येऊन नेते. भाऊ, माझा आवाज जाते, शेजारणीचा जाते. फकस्त लेकराचाच काहून न्हाई जात? तुमी मोठ्या माणसाचा फोन देला असंल. लेकराचा येगळा असते का?"

मी हसलो नाही. सोनाबाईंचे डोळे भरले होते. एकदा पोराची शाळा त्यांच्या हातून सुटली होती आणि आता नातीची सुटत होती, तीही मी निवडून दिलेल्या डब्ब्यामुळं. शटर लवकर ओढलं आणि स्क्रू ड्रायव्हर, वायर, जुना एक रिसीव्हर असं सगळं पिशवीत घालून त्यांना मागं बसवून तांड्यावर गेलो.

दांडी बघितली, वायर बघितली, रिसीव्हर उघडून आतलं तोंड साफ केलं. मी स्वतः गोरेगावला एका ओळखीच्या दुकानात फोन लावून बोललो. सगळं ठणठणीत. पूजा उंबऱ्यात बसून माझ्याकडं बघत होती. दोन वेण्या, शाळेचा निळा फ्रॉक, मांडीवर शेळीचं पिल्लू. बोलकी पोरगी. पिल्लाचं नाव, मास्तरांचं नाव, सगळं तिनं मला सांगून टाकलं. रुसलेली तर ती अजिबात नव्हती.

दिवस मावळायला फोन वाजला. पूजानं पिल्लू सोडलं, हात फ्रॉकला पुसले आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाला धरला. डोळे मिटले. आणि मग मी बघतच राहिलो. तिनं मान हलवली, होकाराची. मग नकाराची. मग पुन्हा होकाराची. एक हात सोडून गुडघ्याजवळ आडवा धरला, एवढं. आई पिल्लाबद्दल विचारत असणार. रिसीव्हरमधून लीलाचा बारीक आवाज बाहेर येत होता, हॅलो, हॅलो, पूजा. पूजा आणखी जोरजोरात मान हलवत होती. रुपया संपला.

"बघितलं?" सोनाबाई म्हणाल्या. त्या पूजाच्या पाठीमागं चुलीपाशी बसलेल्या. रोज फोन आला की त्या तिथंच बसत, त्यांना तिची पाठ तेवढी दिसे; पोरगी हळू आवाजात बोलत असणार, असं त्यांनी धरलं होतं.

मी पूजाजवळ बसलो. "अगं, तुझी मान आईला दिसत नाही ना. तोंडानं बोलायचं."

"काहून दिसत न्हाई?" ती म्हणाली. "मला तं ती दिसते. डोळे मिटून ऐकलं की दिसते."

मी घराबाहेर जाऊन भिंतीआड उभा राहिलो आणि ओरडलो, "आता मी काय करून राहिलो, सांग." ती म्हणाली, "म्हाइत न्हाई." मी आत येऊन सांगितलं, "मी मान हलवत होतो. तुला दिसलं नाही, तसंच आईलाही दिसत नाही." तिचा चेहरा उतरला. इतके दिवस आपण आईशी बोलतोय असं तिला वाटत होतं.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. या वेळी सोनाबाईंनी उचलला. ती माणसं आपसात गोरमाटी, म्हणजे त्यांची बंजारा बोली बोलतात, मला कामापुरती कळते. लीला म्हणत होती, आता मी थांबत नाही, टोळीच्या मुकादमाला सांगितलं आहे, उद्या गाडीत बसते आणि पोरीला घेऊन येते. सोनाबाईंनी वाद घातला नाही. रिसीव्हर पूजाच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तूच सांग काय ते. यायचं तं ये म्हण."

पूजानं रिसीव्हर कानाला लावला आणि आईचा आवाज ऐकल्याबरोबर तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिनं रिसीव्हरवर तळहात दाबला आणि मला हळूच विचारलं, "तिला खरंच काहीच दिसत न्हाई?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं हात काढला. "याडी," ती म्हणाली. त्यांच्यात आईला याडी म्हणतात. पलीकडचं हॅलो हॅलो थांबलं. "याडी, मी बरी हाय. आजारी न्हाई. मी रोज बोलत होते, तुला ऐकू आलं न्हाई. मी जेवले. पिल्लू गुडघ्याएवढं झालं. तू येऊ नको. मास्तरनं मला कविता म्हणायला पुढं उभं केलं होतं." गालांवरून पाणी हनुवटीवर, हनुवटीवरून फ्रॉकवर पडत होतं आणि आवाज मात्र शाळेत कविता म्हणावी तसा सरळ. पलीकडून लीलानं काहीतरी विचारलं.

"न्हाई, रडून न्हाई राहिले," पूजा म्हणाली. "मी हसून राहिले, याडी."

लीलाचा आवाज मलाही ऐकू आला. ती म्हणाली, "मी बी हसूनच राहिले, बाई." आणि मग रुपया संपला.

लीला आली नाही. पूजा तांड्यावर राहिली, चौथी पुरी केली, पुढंही शिकली. डब्बा बरोबर निवडला होता, असं मी नंतर कितीतरी लोकांना अभिमानानं सांगितलं. त्या संध्याकाळी मात्र मला तो उचलून दगडावर आपटावा असं वाटलं. सोनाबाईंनी नातीला कुशीत ओढलं होतं. त्यांना हवं होतं तेच झालं होतं, आणि त्या पोरीपेक्षा जास्त रडत होत्या. मी पिशवी उचलून दारापर्यंत गेलो, तेव्हा पूजा आजीच्या कुशीतूनच तोंड वर काढून म्हणाली, "काका, उद्या बी तिला दिसणार न्हाई ना?"